कचेरीतील भूक आणि संयमाचा उपदेश

वजन उतरवू पाहणाऱ्या नोकरदार माणसाने दिवसभराच्या कामात लागणारी भूक निमूटपणे सोसावी, आणि जो दुपारी चार वाजता डबा उघडतो त्याचा निश्चय कच्चा समजावा, हे मत अलीकडे आपल्या खानदेशात इतके रूढ झाले आहे की जळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीपासून धुळ्याच्या आग्रा रोडवरील कापडाच्या पेढीपर्यंत ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ज्याचे वजन उतरले तो कर्तबगार आणि ज्याचे उतरले नाही तो जिभेचा गुलाम, असा निवाडा परस्पर दिला जातो, आणि ज्याच्याविरुद्ध तो दिला गेला तो बिचारा खाली मान घालून तो मान्यही करतो. हा निवाडा चुकीच्या पुराव्यावर दिलेला आहे, आणि वजन कमी करण्याचा जो हेतू पुढे केला जातो त्याच्याच तो मुळावर येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या योजनेतून हे मत फोफावले तिच्याविषयी प्रथम न्यायाने बोलले पाहिजे. नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून स्फूर्ती घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याची, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवण्याची आणि रोज 45 मिनिटे चालण्याची पद्धत महाराष्ट्रभर सांगितली. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा अशा गोष्टींचीच मुभा ठेवली. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याची सूत्रे जामनेरच्या गिरीश महाजनांकडे होती त्या काळात शासनाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांना आपले सदिच्छादूत नेमले, आणि खानदेशात तर ही पद्धत घरोघर पोहोचली. तिच्यात विकत घेण्याची भुकटी नाही, महागडे वर्ग नाहीत. हजारो माणसांचा साखरेचा चहा आणि त्याबरोबरची खारी-बिस्किटे तिने सोडवली, ही सामान्य कामगिरी नव्हे. पंचावन्न मिनिटांच्या हिशेबाला शरीरक्रियाशास्त्राचा आधार मिळत नाही, कारण डाळ-भाकरीसारख्या मिश्र जेवणानंतर रक्तातील इन्सुलिन दोन-तीन तास चढलेलेच राहते. तथापि माझा आजचा वाद त्या हिशेबाशी नाही. मूळ योजना माणसाला प्रथम विचारते की तुला कडकडून भूक कोणत्या दोन वेळी लागते, आणि त्याच वेळी पोटभर जेव असे सांगते. म्हणजे योजनेने भुकेला साक्षीदार म्हणून बोलावले होते. कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरणाऱ्या उपदेशकांनी तिला आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभे केले.

आता एखाद्या कारकुनाचा दिवस पाहू. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला तेव्हा शासकीय कचेऱ्यांची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली, आणि दुपारी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास भोजनाचा म्हणून दिला गेला. पाचोऱ्याहून किंवा अमळनेरहून रोज गाडीने जळगावला येणारा माणूस आठच्या सुमारास घर सोडतो आणि परतल्यावर हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. त्याने दोन जेवणांचे व्रत घेतले की ती दोन जेवणे आपोआप सकाळी साडेसात आणि रात्री नऊ या वेळांवर जाऊन बसतात, कारण घरचे ताट, घरचा निवांत वेळ आणि बरोबर बसणारी माणसे त्याच वेळी असतात. सकाळी साडेसातला त्याला भूक नसते, म्हणून तो दीड पोळी खाऊन उठतो. एक वाजता भूक असते तेव्हा व्रत आड येते. पाच वाजता ती पुन्हा येते तेव्हा तो पाण्यावर भागवतो. आणि रात्री, जेव्हा श्रमाचे काहीही उरलेले नसते, तेव्हा शेवभाजीच्या तर्रीत चुरलेल्या भाकऱ्यांचा हिशेब त्याच्याकडून ठेवला जात नाही. महिनाअखेर काटा होता तिथेच असतो. मग त्याला सांगण्यात येते की तुझा संयम अपुरा पडला; वस्तुतः त्याने तेरा तास संयम केला, आणि तो चुकीच्या तेरा तासांत केला.

सोन्याच्या पेढीवर दिवसभर उभा राहणारा विक्रेता, औद्योगिक वसाहतीतील डाळ गिरणीत पोती उचलणारा हमाल, चटईच्या कारखान्यातील यंत्रचालक, यांची वेळापत्रके निरनिराळी असली तरी एक गोष्ट समान आहे: त्यांच्या दिवसातील ज्या प्रहरांत शरीर झिजते ते प्रहर धन्याच्या मालकीचे, आणि ज्या प्रहरांत शरीर स्वस्थ असते ते त्यांच्या मालकीचे, आणि जेवण आपण आपल्या मालकीच्या प्रहरांत ढकलले आहे. आमच्या शेतीची वहिवाट अशी नव्हती. सालदाराची न्याहारी आणि दुपारची भाकर शेतावर पोहोचती होत असे, विहिरीच्या काठी किंवा लिंबाखाली ती खाल्ली जात असे, आणि रात्रीचे जेवण त्यामानाने हलके असे. त्या जगाचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्यात पुष्कळ अन्याय होता आणि पुष्कळांना पोटभर मिळतच नव्हते. परंतु श्रमाच्या वेळी लागलेली भूक श्रमाच्या जागीच भागवावी हे त्या वहिवाटीला कळत होते.

भूक जिंकण्याचा प्रश्न निश्चयाचा असता तर त्याचा निकाल 1945 सालीच लागला असता. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने त्या वर्षी 36 तरुणांवर एक दीर्घ प्रयोग केला. हे तरुण कोणी ऐरेगैरे नव्हते. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास त्यांनी नकार दिला होता, आणि युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे जगवावे हे कळावे म्हणून ते स्वेच्छेने या यातनेत उतरले होते. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे 1570 उष्मांकांचे अन्न दोन वेळांत विभागून दिले गेले, आणि आठवड्याला 22 मैल, म्हणजे रोज सुमारे पाच किलोमीटर, चालण्याची सक्ती होती. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पण त्याबरोबर जे घडले ते आमच्या उपदेशकांनी मुळातून वाचावे. ज्यांनी तत्त्वासाठी समाजाची निंदा पत्करली होती ते तरुण अन्नाशिवाय दुसऱ्या विषयावर बोलेनासे झाले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ताटे चाटू लागले. हसणे, स्त्रियांविषयीची ओढ, वाचनातील गोडी ही एकेक करून त्यांना सोडून गेली. क्षुल्लक कारणावरून भांडणे होऊ लागली. आणि निर्बंध उठल्यानंतर कित्येकांना, पोट गच्च भरलेले असूनही, आपण तृप्त झालो असे वाटेना. हे तरुण मुळात धडधाकट आणि सडपातळ होते, व त्यांना मोजूनमापून कमी दिले जात होते, म्हणून त्यांची दशा जशीच्या तशी आमच्या स्थूल कारकुनाला लागू पडणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु आज वजन उतरवण्यासाठी सर्रास वाटल्या जाणाऱ्या आहारपत्रकांत 1200 ते 1500 उष्मांकांचा आकडा असतो, आणि दुपारी तीन वाजता बेरजा चुकणाऱ्या, खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्यावर खेकसणाऱ्या माणसाचा स्वभाव बिघडला असे म्हणण्यापूर्वी, त्याने सकाळपासून काय खाल्ले हे विचारण्याचे सौजन्य आपण दाखवले पाहिजे.

या प्रयोगानंतरच्या काळात शास्त्राने भुकेची यंत्रणा बरीच उलगडली आहे. 1999 साली जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक शोधून काढले. ते जेवणाच्या सवयीच्या वेळेपूर्वी चढते आणि, काही खाल्ले नाही तरी, काही काळाने उतरते. म्हणून अर्धा तास थांबले की भूक आपोआप मावळते असे जे उपदेशक सांगतात त्यात सत्याचा अंश आहे, आणि नुसत्या सवयीने चार वाजता कचोरीच्या गाड्याकडे वळणारी पावले थोपवायला तो उपयोगीही पडतो. परंतु ही गोष्ट इथेच संपत नाही. मेलबर्नमधील संशोधकांनी 50 स्थूल व्यक्तींचे वजन कडक आहाराने उतरवून वर्षभर त्यांच्या रक्ताची तपासणी केली, आणि 2011 साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे होते की वर्ष उलटल्यावरही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. ज्याने दहा किलो वजन उतरवले आहे त्याला, ज्याने कधीच वाढवले नाही त्याच्यापेक्षा खरोखरच अधिक भूक लागते. सडपातळ माणसाने त्याला, मला बघ, मी नाही का राहात, असे सांगणे हे ज्याच्या खांद्यावर ओझे नाही त्याने ओझेवाल्याला चालण्याचा वेग शिकवण्यासारखे आहे.

आणि वेळांच्या बंधनाने तरी अधिक काय साधते? चीनमधील क्वांगचौ येथे 139 स्थूल व्यक्तींना वर्षभर सारखेच कमी उष्मांक देण्यात आले. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचे, निम्म्यांनी केव्हाही. 2022 साली निकाल जाहीर झाला तेव्हा पहिल्या गटाचे वजन सरासरी 8 किलो व दुसऱ्याचे 6.3 किलो उतरलेले आढळले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथील प्रयोगात 30 जणांना एक महिना दिवसाच्या अन्नाचा सर्वांत मोठा वाटा सकाळी आणि एक महिना रात्री दिला गेला. वजन दोन्ही महिन्यांत सारखेच उतरले; भूक मात्र सकाळी भरपूर खाल्लेल्या महिन्यात स्पष्टपणे कमी राहिली. माझ्या म्हणण्याचा सगळा कणा या एका निष्कर्षात आहे. वजन किती उतरेल हे एकूण अन्नावर ठरते. ते उतरवताना माणूस दिवसभर कष्टी राहील की नाही हे अन्न दिवसाच्या कोणत्या भागात पडते यावर ठरते. मग कष्टी राहण्याची वाट हट्टाने का धरायची?

दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगणारा, ऋजुता दिवेकरांच्या पुस्तकांनी लोकप्रिय केलेला दुसरा पक्ष आहे, त्याच्याविषयी दोनच वाक्ये पुरेत. वारंवार खाल्ल्याने शरीराची ज्वलनक्रिया वाढते हे सिद्ध झालेले नाही, आणि पोती उचलणाऱ्या हमालाला दर दोन तासांनी हात धुऊन बसण्याची सवड कोणी देत नाही.

संयमाची गोष्ट निघाली की धुळ्यात विनोबांचे नाव निघतेच, आणि ते निघावेही. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे खानदेशाचे भाग्य आहे. परंतु त्यांच्या नावावर उपासमार खपवणाऱ्यांनी सहाव्या अध्यायावरचे प्रवचन पुन्हा वाचावे. त्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही हे जसे सांगितले आहे तसेच मुळीच न खाणाऱ्यालाही तो साधत नाही हे त्याच श्वासात सांगितले आहे, आणि कर्मात युक्त असलेल्या माणसाच्या आहाराला कर्माशी जोडून दिले आहे. विनोबांनी या अध्यायातून चित्ताच्या एकाग्रतेबरोबर जीवनाची परिमितता काढून दाखवली. परिमिततेत माप आहे, आणि माप दोन्ही बाजूंनी असते. दुपारचे ताट रिकामे ठेवून रात्रीचे शिगोशीग भरणे याला परिमितता म्हणता येणार नाही.

आता दुपारी खावे तरी काय, हा प्रश्न. इथे आपल्या प्रांताचे अन्न आपल्या बाजूने उभे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे, डॉ. युडकिन यांचे, छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले: उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, परंतु इंग्रजाच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी अधिक, ही गोष्ट त्यातून ठसठशीत झाली. तेव्हा आपल्याला उतरवायची आहे ती चरबी, आणि राखायचे आहेत ते स्नायू; उपाशी राहून घटवलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा जातो, आणि तो वाचवण्यास व्यायामाच्या जोडीला प्रथिने लागतात. प्रथिने आणि चोथा यांनी पोट अधिक काळ तृप्त राहते, हे आता कोणी नाकारत नाही. उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, किंवा दादर ज्वारीची, तिच्याबरोबर मटकीची वा चवळीची घट्ट उसळ, भाजलेल्या वांग्याचे बेताच्या तेलातले भरीत, कांदा, मुळा, आणि एक वाटी दही: हा डबा एक वाजता पोटभर खाणारा माणूस साडेपाचपर्यंत शांतपणे काम करतो. साडेपाचला मूठभर फुटाणे किंवा तेवढेच भाजलेले शेंगदाणे, सुमारे 30 ग्रॅम, खाल्ले तर फुटाण्यांतून शंभर-सव्वाशे आणि शेंगदाण्यांतून पावणेदोनशेच्या आतबाहेर उष्मांक मिळतात, प्रथिनेही सहा-सात ग्रॅम मिळतात. साखरेचे तीन चहा आणि एक कचोरी यांची बेरीज याहून कितीतरी अधिक होते, आणि तासाभरात पोट पुन्हा रिकामे. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला केळे वर्ज्य सांगणारे आहारपत्रक तर मला समजतच नाही. मध्यम आकाराच्या एका केळ्यात जेमतेम शंभर उष्मांक असतात. मग रात्री एक भाकरी आणि पातळ भाजीवर, किंवा मुगाच्या खिचडीवर, उठणे जड जात नाही, कारण त्या वेळी भुकेचे थकलेले देणे उरलेले नसते. शेवभाजी रविवारी खावी, आणि आनंदाने खावी.

स्त्रियांच्या बाबतीत भूक सोसण्याचा हा उपदेश विशेष निर्दय होतो. पहाटे पाचला उठून चौघांचे डबे भरणारी परिचारिका किंवा शिक्षिका स्वतः चहावर घराबाहेर पडते; तिच्या डब्यात उरलेसुरले असते; चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात साबुदाण्याशिवाय काही नसते, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर असताना कामाच्या जागी धड स्वच्छतागृह नाही म्हणून ती पाणीही मोजून पिते. तिचे वजन वाढले की तिला सांगायचे की ताई, मन घट्ट करा! तिचे मन त्या घरातल्या सगळ्यांत घट्ट आहे. तिला हवा आहे तो सकाळी कोणीतरी दुसऱ्याने लाटलेल्या भाकरीचा भरलेला डबा, आणि तो बसून खाण्याइतका वेळ.

एका बाबतीत तर हा उपदेश थेट जिवावर बेततो. मधुमेहाच्या ज्या रुग्णांना ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण टाळले तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली घसरते. घाम, थरथर, भोवळ, आणि दुचाकीवर किंवा यंत्रापुढे असताना त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय अशा माणसाला जेवण सोडायला सांगण्याचा अधिकार शेजारच्या मेजावरच्या हितचिंतकाला नाही.

भूक ही माणसाच्या शीलाची परीक्षा नसून कामाच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, हे एकदा मान्य केले की जबाबदारीही तिच्या योग्य जागी जाते. 1948 च्या कारखाने अधिनियमाने हे जाणले होते: सलग पाच तासांहून अधिक काम अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय घेऊ नये, दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे जेवणाची खोली असावी, अडीचशेहून अधिक असतील तिथे उपाहारगृह असावे. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य अधिनियमानेही पाच तासांनंतरचा अर्धा तास कायम ठेवला. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा सहा तासांवर नेण्यास आणि कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत वाढवू देण्यास मान्यता दिली, तेव्हा त्याची चर्चा गुंतवणुकीच्या आणि उत्पादनाच्या अंगाने पुष्कळ झाली; कामगाराच्या पोटाच्या अंगाने ती झाल्याचे मला आढळले नाही. एका बाजूला स्थूलतेविरुद्ध मोहिमा काढायच्या आणि दुसऱ्या बाजूला दुपारचे जेवण तासाभराने पुढे ढकलायचे, या दोन गोष्टी एकाच शासनाच्या दप्तरी नांदू नयेत.

जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत लहान लहान डाळ गिरण्यांना आणि चटईच्या कारखान्यांना दीडशेचा आकडा लागूच होत नसे. कामगार पोत्यांच्या थप्पीआड, धुळीत, उभ्या उभ्या चार घास गिळतो. अशा आठ-दहा कारखान्यांनी मिळून एक जेवणाची खोली बांधावी, तिच्यात गार पाणी, हात धुण्याचा नळ, पंखा आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. औद्योगिक विकास महामंडळाने तेवढी जागा द्यावी. शासकीय कचेऱ्यांनी तो अर्धा तास कोणत्या कर्मचाऱ्याने केव्हा घ्यायचा याची तजवीज करून तिची पाटी खिडकीवर लावावी, म्हणजे तालुक्याहून दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याचाही खोळंबा होणार नाही. व्यापारी पेढ्यांनी विक्रेत्यांना दोन तुकड्यांत जेवायला सोडावे. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही, आणि पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी त्या सगळ्या करता येण्याजोग्या आहेत.